चिकानो साहित्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकणारी मराठी घरांतली मुलं सातवी-आठवीपासून पुढे कधीतरी 'द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट' हे लहानसं पुस्तक शाळेतून घरी आणतात. आईबाबा ते चाळतात आणि तिथून प्रश्न सुरू होतात. चिकानो म्हणजे कोण? हे मेक्सिकन साहित्य की अमेरिकन? या लेखकांनी आणखी काय लिहिलंय? इकडे महाराष्ट्रातही इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ग्लोरिया आन्साल्दुआचं नाव येतं, पण तिच्या मागेपुढे कोण उभं आहे हे बहुतेकांना सांगितलेलं नसतं. हे लेखक मराठी वाचकांनी वाचावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

चिकानो म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेत राहणारे मेक्सिकन वंशाचे लोक. पण ही केवळ वंशाची ओळख नाही. कितीतरी मेक्सिकन-अमेरिकन माणसं स्वतःला चिकानो म्हणवत नाहीत. आधीच्या पिढ्यांत हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई. 1960च्या दशकात तरुणांनी तो ताठ मानेनं स्वतःला लावून घेतला. स्वतःला चिकानो म्हणवणारा माणूस आपली राजकीय भूमिकाही सांगत असतो. बाईसाठी चिकाना. 'लॅटिनो' त्याहून खूप व्यापक आहे, त्यात क्युबा, पोर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक असे सगळे आले. त्यामुळे लॅटिनो लेखक दिसला की त्याला चिकानो म्हणू नये.

म्हणजे हे स्थलांतरितांचं साहित्य, बरोबर?

नाही, आणि सगळ्यात आधी दूर करायला हवा तो हाच गैरसमज. 2 फेब्रुवारी 1848 रोजी ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला आणि युद्धात हरलेल्या मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. आजचे कॅलिफोर्निया, नेव्हाडा, यूटा, न्यू मेक्सिको आणि अॅरिझोनाचा मोठा भाग त्यात येतात. टेक्सास त्याआधीच, 1845मध्ये, अमेरिकेत सामील झालं होतं. या प्रदेशात राहणारी मेक्सिकन माणसं जागची हलली नव्हती, हलली ती सरहद्द. 'आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दीनं आम्हाला ओलांडलं' ही घोषणा चिकानो सभांमध्ये आजही ऐकू येते.

तहात त्यांच्या मालमत्तेला संरक्षण दिलं होतं. पण जमिनीच्या जुन्या सनदांना मान्यता देणारं दहावं कलम अमेरिकी सिनेटनं मंजुरीच्या वेळीच काढून टाकलं. पुढे कॅलिफोर्नियात 1851च्या कायद्यानं जमीनमालकांवर आपली मालकी सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. वर्षानुवर्षं खटले चालले, वकिलांची देणी भागवता भागवता जमिनी गेल्या. नंतर मेक्सिकोतून मजुरीसाठी आलेल्या लाखो लोकांच्या कहाण्याही या साहित्यात आहेत, पण त्याचा पाया या गमावलेल्या जमिनीत आहे. हे ध्यानात ठेवलं नाही तर या पुस्तकांतला राग कुठून येतो ते कळत नाही.

मग सुरुवात कुठून मानायची?

दोन ठिकाणांहून.

एक म्हणजे मारिया आम्पारो रुईस दे बर्टन. बाहा कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या बाईनं एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, सॅन डिएगोजवळच्या जमिनीसाठी आयुष्यभर कोर्टकचेऱ्या केल्या आणि 1885मध्ये 'द स्क्वाटर अँड द डॉन' ही इंग्रजी कादंबरी टोपणनावानं छापली. जमिनी बळकावणारे, रेल्वे कंपन्यांची मक्तेदारी आणि या दोहोंच्या कात्रीत सापडलेलं एक कॅलिफोर्नियन कुटुंब हा तिचा विषय. कादंबरी पुढे शंभर वर्षं विस्मृतीत गेली. 1992मध्ये रोसाऊरा सांचेस आणि बिआत्रिस पिता या अभ्यासकांनी ती पुन्हा प्रकाशात आणली. लेखिका स्वतः जमीनदार वर्गातली होती आणि तिथल्या मूळ रहिवाशांकडे ती तुच्छतेनं पाहते. हे डोळ्याआड करून तिला आद्य बंडखोर ठरवणं मला पटत नाही.

दुसरी सुरुवात लिहिलेली नाही, गायलेली आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे नदीकाठी 'कोरिदो' नावाचा पोवाड्याच्या जातीचा गीतप्रकार होता. गिटारवर गायचा, घडलेली घटना तपशीलवार सांगायची, नायकाचं नाव घेऊन. त्यातला सर्वांत गाजलेला कोरिदो ग्रेगोरिओ कोर्तेसचा. 1901च्या जूनमध्ये घोडाचोरीच्या तपासासाठी एक शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, कोर्तेसच्या घरी आला. सोबतच्या दुभाष्याचं स्पॅनिश कच्चं होतं. कोर्तेसनं अदलाबदलीत घोडा नव्हे, घोडी दिली होती, म्हणून त्यानं नाही म्हटलं. दुभाष्यानं ते खोटं ठरवलं. वाद वाढला, शेरीफनं कोर्तेसच्या भावावर गोळी झाडली आणि कोर्तेसच्या गोळीनं शेरीफ मेला. शेकडो माणसं मागावर असताना कोर्तेस पायी आणि घोड्यावरून शेकडो मैल निसटत राहिला. पकडला गेला, तुरुंगात गेला आणि 1913मध्ये गव्हर्नरनं त्याला माफी दिली.

हा कोरिदो ऐकत मोठा झालेला ब्राउन्सव्हिलचा मुलगा म्हणजे आमेरिको पारेदेस. त्याचं 'विथ हिज पिस्टल इन हिज हँड' 1958मध्ये आलं. नावाला ते लोकसाहित्याचं संशोधन. पण टेक्सास रेंजर्स या पोलीस दलाला देव्हाऱ्यात बसवणारा इतिहास पारेदेसनं त्यात कागदपत्रं आणि गाणी शेजारी शेजारी ठेवून मोडून काढला. नंतरच्या सगळ्या चिकानो लेखकांना या पुस्तकानं एक भरवसा दिला: आपल्या आज्या-आजोबांची गाणी ही पुराव्याच्या तोलाची आहेत. पारेदेसची स्वतःची कादंबरी 'जॉर्ज वॉशिंग्टन गोमेस' 1930च्या दशकात लिहून झाली होती. ती छापली गेली 1990मध्ये. पन्नास वर्षं हस्तलिखित पडून राहिलं, कारण अशा पुस्तकाला वाचक आहे असं मानणारा प्रकाशकच नव्हता.

1960च्या दशकात एवढं काय घडलं?

द्राक्षमळ्यांत संप झाला. सप्टेंबर 1965मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानो इथे लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं. आठवड्याभरात सेसार चावेस आणि डोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. लुईस वाल्देस हा शेतमजुरांच्याच घरातला तरुण तिथे पोचला आणि त्यानं 'एल तेआत्रो काम्पेसिनो' म्हणजे शेतमजुरांचं नाटक सुरू केलं.

ट्रकचा उघडा हौदा हा रंगमंच. नट म्हणजे संपावरचे मजूरच. पात्र ओळखू यावं म्हणून गळ्यात पाटी: हा संपकरी, हा संपफोड्या, हा मालक. दहा-पंधरा मिनिटांच्या या प्रवेशांना 'आक्तो' म्हणत. एका आक्तोत डुकराचा मुखवटा घातलेला मालक गंमत म्हणून मजुराशी भूमिकांची अदलाबदल करतो, आणि मग मजूर त्याला मालकासारखा वागवायला लागतो. ज्यांनी दिवसभर वाकून द्राक्षं खुडली त्यांना मळ्याच्या कडेला मालक गयावया करताना दिसणं ही केवढी गोष्ट असेल! पुढे वाल्देसनं 1942च्या 'स्लीपी लगून' खून खटल्यावर 'झूट सूट' लिहिलं. सतरा तरुणांना दोषी ठरवणारा तो निकाल 1944मध्ये रद्द झाला होता. लॉस एंजेलिसमध्ये 1978ला गाजलेलं हे नाटक पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर गेलं. तिथे पोचलेलं हे पहिलं चिकानो नाटक. तिथे ते फार टिकलं नाही.

तिकडे डेन्व्हरमध्ये मुष्टियोद्धा ते कार्यकर्ता असा प्रवास केलेल्या रोदोल्फो 'कॉर्की' गोन्सालेस यांनी 1967मध्ये 'मी होआकीन' ही दीर्घ कविता लिहिली. एकच 'मी' त्यात स्पॅनिशांपूर्वीच्या मेक्सिकोतला आस्तेक राजा असतो, स्पॅनिश जेताही असतो, क्रांतिकारक आणि गुलामही. ती सभांत वाचली गेली, हातोहात वाटली गेली. 1969च्या डेन्व्हर युवक परिषदेत 'अस्त्लान' म्हणजे आस्तेकांची दंतकथेतली मूळ भूमी हे नाव अमेरिकेच्या नैर्ऋत्येला दिलं गेलं. त्या जाहीरनाम्याची प्रस्तावना आलुरिस्ता या कवीची.

ही पुस्तकं छापली कोणी?

त्यांची त्यांनीच. न्यू यॉर्कच्या मोठ्या प्रकाशकानं छापलेली 'पोचो' ही होसे आंतोनिओ व्हियारेआलची कादंबरी (1959) हा अपवाद. ती आली आणि दशकभर कुणी फारसं पाहिलं नाही. 1967मध्ये बर्कलीत ओक्तावियो रोमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंतो सोल ही प्रकाशनसंस्था आणि 'एल ग्रितो' हे नियतकालिक काढलं. त्यांनी हजार डॉलरचा वार्षिक पुरस्कार जाहीर केला. पहिले तीन मानकरी: तोमास रिवेरा, रुदोल्फो अनाया, रोलांदो इनोहोसा. एखाद्या वाङ्मयाचे तीन मुख्य कादंबरीकार एका छोट्या पुरस्कारानं लागोपाठ तीन वर्षांत शोधून काढावेत, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

किंतो सोललाही मर्यादा होत्या. रिवेराच्या पुस्तकातून 'पीट फोन्सेका' ही गोष्ट संपादकांनी वगळली, कारण तिच्यातला चिकानो तरुण चांगला माणूस नव्हता. 1979मध्ये निकोलास कानेयोस यांनी 'आर्ते पूब्लिको प्रेस' उभी केली आणि पुढे ती ह्यूस्टन विद्यापीठात नेली. ती आजही चालू आहे आणि पारेदेस, रुईस दे बर्टन, सिस्नेरोस यांची पुस्तकं तिथूनच आली.

तोमास रिवेराचं एवढं नाव का घेतात?

कारण त्याच्याइतकं कमी लिहून इतकं उभं करणारे लेखक थोडे. 1935मध्ये टेक्सासच्या क्रिस्टल सिटीत जन्मलेला रिवेरा फिरत्या शेतमजुरांचा मुलगा. हंगाम आला की कुटुंब ट्रकमध्ये बसून उत्तरेला आयोवा, मिनेसोटापर्यंत जाई. शाळा मधूनच सुटायची, मधूनच धरायची. तोच मुलगा पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा कुलगुरू झाला आणि त्याच पदावर असताना 1984मध्ये, पन्नाशीही न गाठता, वारला.

त्याचं 1971चं स्पॅनिश पुस्तक, '...आणि धरणीनं त्याला गिळलं नाही', हातात धरलं तर फार बारीक. बारा कथा, त्यांच्यामध्ये काही ओळींचे तुकडे, आणि मुलाचं नाव कुठेही नाही. एका कथेत उन्हानं होरपळलेली मुलं गुरांच्या टाकीतलं पाणी प्यायला जातात; मालक घाबरवायला म्हणून गोळी झाडतो आणि ती एका पोराच्या डोक्यात बसते. दुसरीत फोटो मोठे करून देतो म्हणणारा विक्रेता कोरियाच्या युद्धात बेपत्ता झालेल्या मुलाचा आईबापांजवळचा एकुलता एक फोटो घेऊन जातो, आणि मग पावसाच्या पाण्यात भिजलेलं फोटोंचं पोतं सापडतं. शीर्षककथेत आधी बापाला, मग नऊ वर्षांच्या धाकट्या भावाला उष्माघात होतो. आई मेणबत्त्या लावते, प्रार्थना करते. मोठा मुलगा संतापून देवाला शिवी देतो आणि थांबतो, कारण आता जमीन दुभंगेल असं त्याला शिकवलेलं आहे. जमीन दुभंगत नाही. पायाखाली ती घट्ट असते.

रिवेरा कुठेही अश्रू काढायला जात नाही. लेखक समजावून सांगत नाही, कोण बोलतंय तेही कित्येकदा सांगत नाही. एका कथेत तर नादुरुस्त ट्रकमध्ये पहाटेपर्यंत उभ्या असलेल्या माणसांचे नुसते विचार एकामागून एक येतात. सतत हलवल्या जाणाऱ्या मुलाची आठवण अशीच तुकड्यातुकड्यांची असणार; पुस्तकाची रचना त्या जगण्यातूनच निघाली आहे. चिकानो साहित्याला 'अन्यायाची साक्ष' एवढंच म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक पुन्हा, कारागिरीसाठी वाचावं.

अनाया आणि इनोहोसा?

अनायाची 'ब्लेस मी, अल्टिमा' (1972) न्यू मेक्सिकोतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आंतोनिओ हा लहान मुलगा आणि त्याच्या घरी राहायला आलेली अल्टिमा ही वैदू बाई. आईचं माहेर शेतकऱ्यांचं, वडिलांचं घराणं मोकळ्या माळावर गुरं राखणाऱ्यांचं. पोरानं कोणाचं व्हायचं? शिवाय चर्चमधला देव आणि नदीतला सोनेरी मासा. ही कादंबरी सर्वाधिक वाचली गेली, आणि जादूटोणा व शिव्यांच्या कारणानं शाळांमधून वारंवार आक्षेपही तिच्यावरच आले.

इनोहोसानं टेक्सासच्या सरहद्दीवर बेल्केन नावाची काल्पनिक काउंटी (जिल्हा) वसवली आणि पुढची कित्येक दशकं तिथल्याच माणसांबद्दल लिहिलं. निवेदन कमी, बोलणं जास्त. कधी पत्रं, कधी जबान्या. 1976मध्ये त्याला क्युबाचा 'कासा दे लास आमेरिकास' पुरस्कार मिळाला. तिरकस विनोद आवडणाऱ्यांसाठी हा लेखक. दुर्दैवानं तो सगळ्यात कमी वाचला जातो.

या सगळ्यात बायका कुठे होत्या?

चळवळीत सगळीकडे, छापील पानावर फार थोड्या. संपात, मोर्चात, स्वयंपाकघरात आणि सायक्लोस्टाइल यंत्रावर त्या होत्याच. पण कवितेतला 'मी' पुरुष होता, आणि बाईला बहुधा आई, ग्वादालूपेची माता (मेक्सिकोत पुजली जाणारी मेरी) किंवा फितूर मालिन्चे यांपैकी एक व्हावं लागे. मालिन्चे ही मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेस या स्पॅनिश सेनापतीची दुभाषी. देशाच्या पराभवाचं खापर पुढे तिच्यावर फोडलं गेलं. कुणी पुरुषांना प्रश्न विचारला की तिलाही मालिन्चे ठरवायचे.

1981मध्ये चेरी मोरागा आणि ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी 'धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक' हा संग्रह संपादित केला. काळ्या, आशियाई, मूलनिवासी आणि चिकाना बायकांनी गोऱ्या स्त्रीवादालाही आणि आपल्या घरच्या पुरुषांनाही एकाच वेळी जाब विचारला. दोघी संपादिका समलिंगी होत्या आणि ते त्यांनी उघडपणे लिहिलं. त्या काळात त्यांच्या समाजात हे सोपं नव्हतं.

आन्साल्दुआचं 'बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा' 1987मध्ये आलं. जन्म 1942, टेक्सासचं रिओ ग्रांदे खोरं, स्वतः शेतात राबलेली. शाळेच्या मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलली म्हणून हातावर पट्टीचे मार, विद्यापीठात चिकानो विद्यार्थ्यांना उच्चार 'सुधारण्याचे' सक्तीचे तास. हे सगळं ती लिहिते, पण आत्मचरित्र लिहीत नाही. निबंधातून कविता, कवितेतून इतिहास, इंग्रजीतून स्पॅनिश, मध्येच आस्तेकांची नावाट्ल भाषा असं ते पुस्तक चालतं. सरहद्दीला ती उघडी जखम म्हणते. पूर्वार्ध अंगावर येतो, उत्तरार्धातल्या कविता काहीशा असमान आहेत असं माझं मत. पण विद्यापीठांतून फक्त त्यातल्या संकल्पना उचलल्या जातात आणि शेतातली माणसं मागे राहतात, हे त्या पुस्तकावर अन्याय करणारं आहे.

यांच्यासोबत हेलेना मारिया विरामोंतेस वाचा. 'अंडर द फीट ऑफ जीझस' (1995) ही तिची कादंबरी कीटकनाशकांच्या फवाऱ्यात सापडलेल्या शेतमजूर मुलांची आहे. आना कास्तियोची 'सो फार फ्रॉम गॉड' (1993) न्यू मेक्सिकोतल्या एका आईची आणि तिच्या चार मुलींची. चमत्कार, थट्टा आणि कारखान्यातलं विष एकत्र.

'मँगो स्ट्रीट' लहान मुलांचं पुस्तक आहे का?

दिसतं तसं, आणि मुलांनी वाचलं तर उत्तमच. पण सांड्रा सिस्नेरोसनं ते मुलांसाठी लिहिलं नव्हतं. शिकागोत 1954मध्ये जन्मलेली, सहा भावांमधली एकटी बहीण. आयोवातल्या प्रसिद्ध लेखन कार्यशाळेत 'घर' या विषयावर चर्चा चालू असताना वर्गातल्या इतरांची घरं आणि आपली भाड्याची घरं वेगळी आहेत हे तिला बोचलं, आणि तिथेच तिला आपला विषय सापडला. 1984मध्ये आर्ते पूब्लिकोनं छापलेल्या या पुस्तकात चव्वेचाळीस छोटी प्रकरणं आहेत. एस्पेरान्सा ही मुलगी खिडकीत बसून राहिलेल्या पणजीची गोष्ट सांगते आणि गल्लीतल्या बायका पाहते: नवऱ्यानं कोंडून ठेवलेली राफाएला, बापाचा मार खाणारी सॅली. पालकांना सांगावंसं वाटतं की यात लैंगिक अत्याचाराचा एक प्रसंग आहे, दोन पानांत, नाव न घेता. मूल वाचत असेल तर तुम्हीही वाचा आणि त्याबद्दल बोला.

कविता?

लोर्ना डी सेर्वांतेसचा 'एम्प्लुमादा' (1981) आधी घ्या. हायवेच्या सावलीतलं घर आणि त्यातल्या तीन पिढ्यांच्या बायका या तिच्या कवितेइतकी नेमकी कविता मला या परंपरेत दुसरी माहीत नाही. गॅरी सोतोची फ्रेस्नोच्या शेतांवरची सुरुवातीची कविता कोरडी, धुळीची, सुंदर. शेतमजुरांचा मुलगा हुआन फेलिपे एरेरा 2015मध्ये अमेरिकेचा राष्ट्रकवी झाला. त्या पदावरचा तो पहिला लॅटिनो.

या पुस्तकांवर बंदी आली होती ती कशी?

अॅरिझोनानं 2010मध्ये कायदा करून सार्वजनिक शाळांतल्या वांशिक अभ्यासक्रमांवर बंधनं आणली. त्याचा रोख टूसॉनमधल्या मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रमावर होता. जानेवारी 2012मध्ये तो बंद झाला आणि वर्गांतून पुस्तकं उचलून खोक्यांत भरली गेली. त्यात रोदोल्फो आकुन्या यांचा चिकानो इतिहासही होता. त्यावर ह्यूस्टनच्या टोनी दियास आणि त्यांच्या साथीदारांनी स्वतःला 'लिब्रोत्राफिकान्ते' म्हणजे पुस्तकांचे तस्कर म्हणवून घेतलं आणि पुस्तकांनी भरलेला ताफा टूसॉनला नेला. 2017मध्ये संघीय न्यायालयानं या बंदीमागे वांशिक आकस होता असा निकाल दिला.

भारताशी याचा काही संबंध?

साहित्याचा थेट संबंध नाही, चळवळीचा आहे. सेसार चावेस गांधीजींचे वाचक आणि अनुयायी होते. संप हिंसेकडे वळतोय असं दिसताच 1968मध्ये त्यांनी पंचवीस दिवसांचं उपोषण केलं. अर्थात त्यात कॅथलिक प्रायश्चित्ताची परंपराही तेवढीच होती, तेव्हा सगळं श्रेय साबरमतीला देऊ नये.

स्पॅनिश येत नाही. कुठून सुरू करू?

स्पॅनिशची अडचण येत नाही. बहुतेक पुस्तकं मुळातच इंग्रजीत आहेत. रिवेराचं पुस्तक आर्ते पूब्लिकोनं स्पॅनिश आणि इंग्रजी एकत्र छापलंय आणि इनोहोसानं आपली कितीतरी पुस्तकं स्वतःच इंग्रजीत पुन्हा लिहिली. मधेमधे येणाऱ्या स्पॅनिश ओळींना आन्साल्दुआ मुद्दाम अर्थ देत नाही. तिथे अडू नका, पुढे जा. दोन पानांनी संदर्भ लागतो.

क्रम विचाराल तर आधी सिस्नेरोस, मग लगेच रिवेरा. त्यानंतर ज्यांना कथानक हवं त्यांनी अनाया, ज्यांना वाद हवा त्यांनी आन्साल्दुआ, आणि ज्यांना लोकगीतांचं वेड आहे त्यांनी सरळ पारेदेस उघडावा. रिवेरा एका बैठकीत होतो, तरी एका दिवसात संपवू नका. एक कथा वाचा, तिच्या आधीचा चार ओळींचा तुकडा परत वाचा, मग पुढची.